दोनशेची नोट आणि मागचा दिवा: बेळगाव सीमाभागातल्या ट्रकवाल्यांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी पट्ट्यातल्या ड्रायव्हर भावांनो आणि मोटर मालकांनो,

रामराम.

मी खानापूर तालुक्यातला. बावीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आता एक दहाचाकी स्वतःची आहे, तिच्यावर एक पोरगा ठेवलाय आणि महिन्यातल्या चार-दोन खेपा अजून मी स्वतः मारतो. म्हणजे शिव्या खाणाऱ्यांतही मी आहे आणि देणाऱ्यांतही. म्हणून दोघांनाही एकाच पत्रात लिहितोय.

विषय बारका आहे. रस्त्यात पोलिस किंवा आरटीओवाले गाडी थांबवतात, साहेब गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि काहीतरी निघतंच. मागचा एक दिवा लागत नाही. इंडिकेटरची काच फुटलीय. रिफ्लेक्टरची पट्टी सोललीय. मडफ्लॅप तुटलाय, फर्स्ट एडच्या पेटीत औषधाऐवजी बिडीबंडल आहे, अंगात खाकी शर्ट नाही. अशा वेळी आपण काय करतो ते मला माहीत आहे, कारण मीही तेच करत आलो. लायसन्सच्या कव्हरात दोनशेची घडी घातलेली नोट असते. कव्हर साहेबाच्या हातात जातं, परत येतं तेव्हा पातळ झालेलं असतं. दोन मिनिटांत गाडी चालू. पावती नाही, चलन नाही, मालकाला फोन नाही.

आणि मागचा दिवा? तो तसाच बंद.

एक रात्र सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग भरून पुण्याकडं निघालो होतो. उजव्या बाजूचा मागचा दिवा गेलेला. रस्त्यात एका ठिकाणी थांबवलं, ठिकाण सांगत नाही, साहेबाचंही सांगत नाही. काठी दिव्यावर टकटक वाजली, नोट गेली, मी निघालो. बल्ब बदलायला डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या हिशेबात तो विषय मिटला होता. पैसे दिले की चूक फिटली असं मन आपोआप समजतं बघा. पुण्यात माल उतरला, परतीचं भाडं मिळालं, तिसऱ्या रात्री वंटमुरीच्या घाटात चढावर गाडी पहिल्या गिअरला लागलेली. मागून एक दुधाची पिकअप आली. त्या पोराला माझा डावा दिवा दिसला आणि पुढं मोटारसायकल चाललीय असं वाटलं. उजवीकडून जायला म्हणून त्यानं गाडी तिथंच घातली, जिथं माझा अंधारातला अर्धा ट्रक होता. शेवटच्या क्षणी त्यानं स्टेअरिंग मारलं. वाचला. पिकअप डिव्हायडरला घासत गेली आणि कॅन रस्त्यावर लोळले. मी खाली उतरून पळत गेलो तर पोरगा घोट्याएवढ्या दुधात उभा होता, हात थरथरत होते. शिवी नाही दिली त्यानं. एवढंच म्हणाला, "मामा, दिवा तरी लावायचा न्हवं."

तो बल्ब वीस-पंचवीस रुपयांचा. होल्डर गंजला होता, तो धरून शंभरात काम झालं असतं. मी दोनशे देऊन तो बंद ठेवला होता.

आता मी नोट का दिली ते सांगतो, कारण पत्राचं खरं कारण ते आहे. त्याच्या वर्षभर आधी अशाच एका दिव्यावर मी रीतसर चलन घेतलं होतं. पावती मालकाच्या टेबलावर ठेवली. मालकानं काही न बोलता महिन्याच्या हिशेबात तेवढे पैसे माझ्या भत्त्यातून कापले. दिवा त्याच्या गाडीचा, बल्बचे पैसे मागितले तर "पुढच्या खेपेला बघू" म्हणणारा तोच, आणि दंड माझा. त्या दिवशी मी शिकलो की पावती महाग पडते आणि नोट स्वस्त. माझ्यासारखे किती ड्रायव्हर हा धडा शिकले असतील, मोजदाद नाही. साहेब खातो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण त्या नोटेची घडी मालकाच्या हिशेबवहीत पडलेली असते.

आता अळीमिळी नको. मालक झाल्यावर पहिल्या वर्षी मीही माझ्या पोराचे पाचशे कापले. रिफ्लेक्टर पट्टीचे. बायकोनं विचारलं, पट्टी त्यानं सोलली का? तेव्हा गप्प बसलो.

म्हणून मालकांनो, माझं म्हणणं सरळ आहे. गाडीचा दोष असेल तर दंड मालकाचा. दिवा, पट्टी, टायर, वायपर, पीयूसी (धुराचा दाखला), पासिंग (आरटीओची तपासणी), विमा, परमिट, सगळं तुमच्या खात्यावर. वागण्याचा दोष असेल तर दंड ड्रायव्हरचा. बेल्ट लावला नाही, कानाला मोबाईल होता, सिग्नल तोडला, मग भर बाबा तुझ्या खिशातून. एवढी रेघ एकदा वहीत ओढा आणि ड्रायव्हरला तोंडावर सांगा. तो पावती आणायला लागेल. पावती आली की गाडीत काय मोडलंय ते तुम्हाला रस्त्यातूनच कळेल, गॅरेजवाल्यानं सांगायची वाट बघावी लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर बारक्या चुकांचा दंड काही डोंगर नसतो. मोटार वाहन कायद्यात ज्या चुकीला वेगळा दंड लिहिलेला नाही ती कलम १७७ मध्ये जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०१९ पासून, पहिल्या वेळी पाचशेपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाली तर दीड हजारपर्यंत. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळं कर्नाटकात कोगनोळीच्या अलीकडं एक आणि महाराष्ट्रात कागलला दुसरी असं होऊ शकतं. पण वर्षभर चौकाचौकात वाटलेल्या नोटांची बेरीज एकदा करून बघा. मी केली होती. आकडा सांगत नाही, घरात वाचतील.

सगळंच बारकं नसतं, हेही ध्यानात ठेवा. पीयूसी संपलेली असेल तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे. त्या कागदाला आपण फार हलकं धरतो. ओव्हरलोड तर वेगळाच प्रकार. वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर चाळीस हजार. माल फाळक्याच्या बाहेर बाजूला आला तरी वीस हजार. ऊस आणि कडबा भरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गळीत हंगामात आमच्या भागात ज्या गाड्या दिसतात त्यांना नुसतं चाकावरचं रान म्हणायचं बाकी असतं. तिथं "साहेब, बारकी चूक आहे" असलं बोलू नका. ती बारकी नाही.

आता थांबवल्यावर काय करायचं. मला कुणी शिकवलं नव्हतं, मार खात शिकलो. गाडी डांबरावर अर्धी नको, पूर्ण बाजूला घ्या. चारही इंडिकेटर चालू, इंजिन बंद, रात्र असेल तर केबिनचा दिवा लावा. समोरच्याला तुमचे हात दिसले की त्याचा आवाज निम्मा होतो. क्लीनरला पुढं पाठवू नका. क्लीनर आला की समोरचा समजतो, हा बोलणी करायला आलाय. स्वतः उतरा. "साहेब, काय चुकलंय ते दाखवा" म्हणा आणि त्याच्याबरोबर गाडीमागं जाऊन स्वतःच्या डोळ्यानं बघा. खरंच बंद असेल तर हो म्हणा. "कालपर्यंत चालू होता साहेब" हे वाक्य त्या माणसानं दिवसातून पन्नास वेळा ऐकलेलं असतं. केबिनमध्ये दोन बल्ब, दोन फ्यूज, एक पाना आणि लाल पट्टीचा तुकडा ठेवा. त्याच्या समोर बल्ब बदललेला मी दोनदा बघितलाय. दोन्ही वेळा साहेब हसून "जा" म्हणाला. प्रत्येक जण तसा सोडेल असं नाही, पण चलन झालं तरी पुढच्या नाक्यावर तीच चूक पुन्हा निघणार नाही.

पट्टीचं एकदा पाठ करा: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. बाजारात कसलीही चकचकीत पट्टी मिळते. बेळगावात एका गाडीच्या मागं निळी लावलेली बघितली, हौस म्हणून.

हौसेवरून आठवलं. नंबरप्लेटवर देवनागरी आकडे. आपल्या सीमाभागात हे फार. मला भावना कळते, मीही मोर्चाला गेलोय, घोषणा दिल्यात. पण केंद्राच्या नियमात नंबरप्लेट इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच हवी, मग गाडी बेळगावची असो नाहीतर कोल्हापूरची. कन्नड आकडे लावणाऱ्यालाही तोच नियम. मराठीचा अभिमान मागच्या फाळक्यावर लिहा, जागा भरपूर आहे.

आणि गाडी कुठल्या नंबराची म्हणाल तर, होय, बेळगावची केए बावीस कागलच्या पुढं आणि कोल्हापूरची एमएच नऊ निपाणीच्या अलीकडं जरा जास्त थांबवली जाते असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, ते कुणी विसरलेलं नाही. तसल्या दिवशी गाडी ढाब्यावर उभी करा, भाडं गेलं तर गेलं. पण दिवा बंद असताना वाजलेली प्रत्येक शिट्टी सीमाप्रश्नाची नसते. मी स्वतः दोन वेळा "मराठी बघून अडवतात" म्हणून भांडलोय आणि दोन्ही वेळा माझा कागद संपलेला होता.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. साहेब कन्नडमध्ये बोलतो, आपल्याला अर्धं कळतं, कळलेल्या अर्ध्यातलं निम्मं चुकीचं. चलन कन्नडमध्ये, सही आपली. दोन वाक्यं पाठ करून ठेवा. "तप्पु एनु सर?" म्हणजे चूक काय. "रशीदि कोडि सर" म्हणजे पावती द्या. एवढ्यावर मी पंधरा वर्षं काढली. मोडकं कन्नड बोललं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो दोनशेच्या नोटेनं पडत नाही. त्यात कमीपणा कसला, आपली आज्जी बाजारात दोन्ही भाषांत भांडायची.

कागदांचं सांगतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी अॅपमध्ये उघडलेलं आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि लायसन्स मूळ कागदाइतकंच चालतं. केंद्राच्या वाहन नियमांत १३९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात हे २०१८ साली आलं. ऑक्टोबर २०२० पासून तर असं आहे की ऑनलाइन तपासून बरोबर निघालेला कागद पुन्हा छापील मागायचा नाही. पण गॅलरीत ठेवलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. आमचा पोरगा व्हॉट्सअॅपवर आलेली आरसी दाखवायचा आणि "चालत नाही म्हणतात" म्हणून रडायचा. अॅप उघडून दाखवायचं. चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, म्हणून कागदांची एक फाईल प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

लायसन्स ठेवून घेतलं तर त्याची तात्पुरती पोच मागा. लायसन्स परत मिळेपर्यंत ती पोच दाखवून गाडी चालवता येते, कायद्याच्या २०६ कलमात तसं आहे. पोच न घेता निघालात तर पुढच्या नाक्यावर तुम्ही बिनलायसन्सचे. चलन पटलं नाही तर तिथं आवाज चढवू नका, मोबाईल तोंडासमोर नाचवू नका. चलन घ्या, कोर्टात जाता येतं. आणि घेतलेलं चलन भरा. थकलेलं चलन पासिंगच्या आणि नाव बदलायच्या वेळी आडवं येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकानं थकलेल्या चलनांवर निम्मी सूट दिली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, पुढंही काही वेळा दिली. म्हणून पुढच्या सवलतीची वाट बघत बसणारे आमच्यात आहेत. एकाच्या गाडीचं पासिंग त्यापायी दोन महिने लटकलं, हप्ता मात्र बँकेनं सोडला नाही.

मालाच्या कागदांचा एक प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण तिथं ड्रायव्हर उगाच घाबरतो. एकदा ई-वे बिलावर, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर, गाडीचा नंबर एका आकड्यानं चुकलेला होता. टाइप करणाऱ्या मुलीनं तीनच्या जागी आठ मारलं असावं. तपासणीत सांगितलं, माल अडकणार, मालाइतका दंड पडणार. हातपाय गार पडले. माल सहा लाखांचा होता. मी पार्टीच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, अकाउंटंटला फोन लावून दिला. त्यानं शांतपणे सांगितलं की सप्टेंबर २०१८ चं जीएसटी बोर्डाचं परिपत्रक आहे. गाडीच्या नंबरात एक-दोन अक्षरं किंवा आकडे चुकले, पार्टीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, पिनकोड चुकला पण त्यामुळं बिलाची मुदत वाढत नाही, असल्या चुकांना माल अडवायचा नाही. दंड राज्याबाहेरच्या मालाला हजार रुपये. परिपत्रकाचा नंबर त्यानं सांगितला, साहेबानं मोबाईलवर बघितला, हजार भरले, पावती घेतली, निघालो. तो नंबर ६४ आहे, लिहून ठेवा. ई-वे बिलच नसेल किंवा मुदत संपलेली असेल तर हे लागू नाही. मुदत साध्या मालाला दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी बंद पडली तर संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. हे काम बिलावर ज्या ट्रान्सपोर्टरचं नाव आहे त्याचं, पण फोन ड्रायव्हरनं करायचा. तपासणीला गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकवली तर त्याचीही नोंद पोर्टलवर करता येते, ई-वे बिलाचाच तो एक फॉर्म आहे. आमच्यातला एकही माणूस तो भरत नाही.

साहेब लोकांनाही इथंच दोन ओळी. तोच १३९ चा नियम सांगतो की कागद तपासले की तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. हेतू हा की त्याच गाडीला पुन्हा पुन्हा अडवू नये. संकेश्वरला तपासलेली गाडी तवंदीचा घाट उतरली की पुन्हा, तीच निपाणीला पुन्हा, असं होतं तेव्हा ती नोंद कुणी केलीय का हे आम्हाला कळत नाही. आणि चलन कन्नडमध्ये देत असाल तर द्या, पण चूक काय ते तोंडी एकदा समजेल असं सांगा. एवढ्यानं निम्मी भांडणं कमी होतील.

नोटेचं पुन्हा एकदा, कारण मला त्याची भीती नंतर वाटायला लागली. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच सुटका. महाराष्ट्राच्या हद्दीत १०६४ नंबर, आपल्याकडं लोकायुक्त पोलिस. तक्रार करा असं मी आग्रहानं सांगत नाही, रोज त्याच रस्त्यानं जायचंय हे मलाही माहीत आहे. मी स्वतः एकदाही केलेली नाही. मी फक्त नोट ठेवायची बंद केली. पहिले दोन महिने जड गेले. एकदा निपाणीच्या अलीकडं पाऊण तास उभं केलं, कागद उलटेपालटे बघितले, काही निघालं नाही, सोडलं. नंतर पुष्कळांना चेहरा माहीत झाला, हा पावती मागतो म्हणून. आता बहुतेक वेळा थांबवतच नाहीत, किंवा थांबवून सरळ चलन करतात.

काल रात्री साडेअकराला आमच्या पोराचा फोन आला. संकेश्वरच्या पुढं थांबवलंय, डावा मडफ्लॅप नाही. मी म्हटलं, घे चलन, पावतीचा फोटो पाठव, आणि उजाडल्यावर पहिल्या गॅरेजला फ्लॅप बसवून त्याचं बिलही पाठव, दोन्ही माझ्या खात्यावर. तो जरा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "कापणार न्हाई न्हवं मालक?" फोटो आलाय. सगळं कन्नडमध्ये आहे. शेजारची पोर कन्नड शाळेत जाते, ती आली की वाचून घेतो.

तुमचाच,
खानापूर तालुक्यातला एक दहाचाकीवाला